विंडोज ७ वरचं पेजमेकर चालूच ठेवायचं आहे, काळजी काय घ्यावी?

शाईपट्टी:
मशीनवर विंडोज ७ (३२ बिट, एसपी१), पेजमेकर ७, फोटोशॉप सीएस२ आणि ऑफिस २००७ आहे. रॅम ४ जीबी. पानं लावायचं काम यावर झटपट होतं, शॉर्टकट हातात बसलेत, आणि नव्या आवृत्त्यांमधल्या सोयींची या कामाला गरज नाही. त्यामुळे "अपग्रेड करा" हे उत्तर नको.

विचारायचं आहे ते असं. हे मशीन इंटरनेटला जोडलेलं ठेवावं का? उद्या मदरबोर्ड गेला तर सगळं जसंच्या तसं दुसरीकडे कसं न्यायचं? आणि पेजमेकरच्या जुन्या .पीएमडी फायलींचं पुढे काय?

मूळप्रत:
जुनं सॉफ्टवेअर वापरण्यात काहीच गैर नाही, फक्त सगळ्याला एकच माप लावू नका. बाहेरून आलेली फाइल किंवा वेबपान उघडणारं सॉफ्टवेअर ताजंच हवं. जे फक्त तुमच्याच फायली उघडतं ते वीस वर्षं जुनं असलं तरी चालेल. पेजमेकर दुसऱ्या गटात मोडतं. ब्राउझर, मेल, पीडीएफ रीडर पहिल्या.

ऑफिस २००७ कुठल्या गटात, इथे बरेच जण फसतात. ते पहिल्या गटातलं आहे, कारण लोक वर्डच्या फायली पाठवतात आणि आपण त्या उघडतो. त्याच्याबरोबर येणारं समीकरणं लिहायचं साधन (ईक्यूएनईडीटी३२) २००० साली कंपाइल झालेलं होतं. त्यातलं भगदाड २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं. मॅक्रो चालू न करताही, नुसतं डॉक्युमेंट उघडलं तरी हल्लेखोराचा कोड चालू शकत होता. कॉमन फाइल्स > मायक्रोसॉफ्ट शेअर्ड > इक्वेशन या फोल्डरात ते अजून आहे का बघा, असेल तर ऑफिसच्या सेटअपमधून काढून टाका. ऑफिस २००७ चा आधार १० ऑक्टोबर २०१७ ला संपला, तेव्हा बाहेरच्या फायली दुसऱ्या मशीनवर ताज्या लिबरऑफिसमध्ये उघडा आणि इकडे फक्त साधा मजकूर आणा.

इंटरनेटबद्दल माझं स्पष्ट मत: तोडा. क्रोम विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीला थांबलं, फायरफॉक्स ११५ ईएसआरला (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती). शिवाय जुना ब्राउझर जसाच्या तसा राहतो हाही गैरसमज आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं एक मूळ (रूट) प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं आणि ईएसआर ११५.१३ च्या आधीच्या फायरफॉक्समधली अॅड-ऑन्स बंद पडली. कोणी काही बदललं नव्हतं, नुसती तारीख उलटली.

घरातल्या नेटवर्कवर ठेवणार असाल तर एसएमबी१ (नेटवर्कवर फायली शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) बंद करा. ते एक्सपीला लागतं, विंडोज ७ ला लागत नाही. रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हर > पॅरामीटर्स इथे "एसएमबी१" नावाचा डीवर्ड, किंमत ०, मग रीस्टार्ट. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने पसरला होता.

खिळेजुळारी:
मशीन आत्ता चालू आहे तोवरच त्याची व्हर्च्युअल प्रत काढा, म्हणजे अख्खी डिस्क एका फाइलमध्ये घ्या, ती दुसऱ्या मशीनवर एका प्रोग्रामच्या आत चालवता येते. बंद पडल्यावर हेच काम दसपट अवघड होतं.

सिसइंटर्नल्सचं डिस्क२व्हीएचडी घ्या. "व्हीएचडीएक्स" वरची खूण काढा, "व्हॉल्यूम शॅडो कॉपी" वरची राहू द्या. यादीत सी ड्राइव्हच्या शेजारी १०० एमबीचा एक छोटा "सिस्टम रिझर्व्ड" भाग दिसेल, तोही निवडा. विंडोज ७ ची बूट फाइल त्यातच असते, तो राहिला तर प्रत सुरूच होत नाही. फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा, त्याच डिस्कवर नको.

मग नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स: रॅम २०४८ एमबी, दोन कोअर, नेटवर्क "जोडलेलं नाही", आणि गेस्ट अॅडिशन्स टाकून एकच शेअर्ड फोल्डर. सगळं नीट चाललं की स्नॅपशॉट घ्या, पण त्याला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. व्हीएचडी फाइलची प्रत वेगळ्या जागी हवीच.

अॅक्टिव्हेशनचं आधीच पाहून ठेवा. पेजमेकर ७ ला फक्त सीरियल नंबर लागतो. सीएस२ चा अॅक्टिव्हेशन सर्व्हर अडोबीने कधीच बंद केलाय, त्यामुळे हार्डवेअर बदललेलं दिसून त्याने पुन्हा अॅक्टिव्हेशन मागितलं तर पंचाईत होईल. विंडोज ओईएम (मशीनबरोबरच आलेलं) असेल तर ते लायसन मूळ मशीनपुरतंच असतं, रिटेल की असेल तर हलवता येते.

कोऱ्या इन्स्टॉलेशनची वेळ आलीच तर दोन अपडेट फायली हाताशी हव्यात: केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९, याच क्रमाने. २०१९ पासूनची अपडेट्स फक्त एसएचए-२ सहीची आहेत आणि या दोघींशिवाय विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. थेट नव्या बोर्डावर विंडोज ७ चढवायच्या मागे लागू नका. यूएसबी ३ चे ड्रायव्हर त्यात मुळात नाहीत, सेटअपच्या पडद्यावरच कीबोर्ड-माउस मरतात.

जाता जाता: जुन्या मशीनचं घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध वाटतं, आणि लोक विनाकारण विंडोज पुन्हा टाकत बसतात.

रफार:
वरचं सगळं मान्य, पण मला जास्त काळजी फायलींची वाटते. इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या फायली उघडायचं, सीसीपासून ती सोय गेली. लिबरऑफिस ड्रॉ ४.४ पासून उघडतं, पण त्यात मांडणी विस्कटते, मजकूर वाचवण्यापुरतंच ते धरा.

म्हणून प्रत्येक पूर्ण कामाच्या तीन गोष्टी एका फोल्डरात हव्यात: .पीएमडी, पीडीएफ आणि वापरलेले फॉन्ट. पीडीएफसाठी पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर बसवा, त्याचा पोर्ट "फाइल" ठेवा, आणि तयार झालेली फाइल यजमान मशीनवर (ज्यावर व्हर्च्युअलबॉक्स चालतं त्या) घोस्टस्क्रिप्टने पीडीएफमध्ये बदला. फॉन्ट आत बसलेत का ते पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये तपासाच.

मजकूर युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमध्ये असेल तर तो प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्येच साठवलेला असतो, फॉन्ट हरवला की उरते नुसती गिचमीड. कन्व्हर्टर निवडताना "निर्मिती" हा एकच शब्द देऊन पाहा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. कच्चा कन्व्हर्टर नेमका इथे घसरतो आणि रफार भलत्याच अक्षरावर नेऊन बसवतो.

शाईपट्टी:
धन्यवाद. प्रत काढली, छोटा भागही घेतला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोजचा लोगो येतो आणि लगेच निळा पडदा, शेवटी ७बी.

खिळेजुळारी:
डिस्क कंट्रोलर जुळत नाही. मूळ मशीन आयडीई मोडवर (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असणार आणि व्हर्च्युअलबॉक्सने एएचसीआय (साटाची नवी पद्धत) दिलंय. सेटिंग्ज > स्टोरेजमध्ये डिस्क साटामधून काढून आयडीई (पीआयआयएक्स४) कंट्रोलरला जोडा. तरी तेच आलं तर मूळ मशीनवर रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखाली "एमएसएएचसीआय" आणि "इंटेलआयडीई" या दोन्हींचं "स्टार्ट" ० करा आणि प्रत नव्याने काढा. मूळ मशीन त्याने बिघडत नाही, पण बदलण्याआधी दोन्हींच्या आत्ताच्या किमती कागदावर लिहून ठेवा.