बँडविड्थ कोण खातंय ते ग्राफवर कसं बघायचं?
मंडळी, मदत हवी आहे. राउटरवरून एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांचे आकडे वाचायची पद्धत) आकडे घेऊन ग्राफानात (ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर) पोर्टनिहाय ग्राफ लावलेत. पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटचा काउंटर १ जीबीपीएसला साधारण ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, म्हणून ६४ बिटचे घेतलेत. तेवढं छान चाललंय. पण लाइन तुंबली की ती नेमकं कुठलं मशीन खातंय, हे त्यात कळत नाही. पोर्टची नुसती बेरीज दिसते.

राउटर नेटफ्लो ५ (कुठल्या पत्त्यावरून कुठे किती डेटा गेला याच्या नोंदी) देतो, पण त्यात आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) येतच नाही. मग स्विचवर पोर्ट मिरर करून (ट्रॅफिकची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवून) एनटॉपएनजी (मशीननिहाय ट्रॅफिक दाखवणारं सॉफ्टवेअर) लावू, की सॉफ्टफ्लोडीने (ट्रॅफिक बघून नेटफ्लो बनवणारा प्रोग्राम) नेटफ्लो ९ काढून एनएफडंपमध्ये (नेटफ्लो नोंदी साठवायचं साधन) साठवू? महिनाभराचा इतिहास हवाय. (आयएफटॉप नको, ते फक्त आत्ताचं दाखवतं.) कोणी चालवलंय का? डिस्क साधारण किती लागते?