मदत हवी आहे: हुमणीच्या मादीचा वास हाती लागेना

मंडळी, बडोद्यात एम.एस्सी.चा प्रकल्प करतोय. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी घरामागच्या कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात. त्यातल्या होलोट्रायकिया कन्सँग्विनिया या जातीची मादी पोटाच्या टोकातून फुग्यासारखी पिशवी बाहेर काढते. त्या पिशवीतल्या ॲनिसोल या वासाच्या रसायनाकडे नर ओढले जातात. तशा पिशव्या कापून हेक्झेन या द्रावकात ठेवल्या (आई फ्रीजला हात लावत नाही आता!), अर्क नायट्रोजनच्या झोताखाली आटवला, पण गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून दाखवणारं यंत्र) ॲनिसोलचं शिखरच, म्हणजे आलेखातला उंचवटाच, नाही. ॲनिसोल १५४ अंशांना उकळतं, आटवताना मीच उडवलं असणार. मग अर्क न आटवता थेट यंत्रात टोचू, की जिवंत माद्यांवरून हवा ओढून तिच्यातला वास शोषक नळीत धरू? आणि नराची शृंगिका (वास ओळखणारी मिशी) यंत्राला जोडून ती कशाला प्रतिसाद देते ते तपासायची सोय बडोदा-आणंदकडे कुणाच्या ओळखीत आहे का? भुंगेरे थोडेच दिवस असतात, जरा लवकर सांगा.