बाळं कोणाकोणाची नक्कल करतात? तुमच्याकडचे नमुने सांगा

हिरवीमिरची:
काल वरच्या मजल्यावरची चिमी आमच्याकडे होती, जेमतेम वर्षाची, पेपरचं पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावत होती! तिचे आजोबा लावतात तस्सं. मला आमच्या चिरंजीवांचं आठवलं. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून "अगं आई गं" करत उठायच्या, आणि हा पठ्ठ्या उभं राहायला शिकला तोच गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. आता इंजिनिअरिंगला आहे, विषय काढला की चिडतो. येऊ द्या तुमचे.

साधाभोळा:
आमची कन्या दार लावलं की दोनदा ओढून बघते. कुणाची सवय ते सांगत नाही.

रातराणी_७:
भाचा पॉटीवर बसला की आधी हात पुढे, मोबाईल द्या. बापाचा आदर्श. कॅल्क्युलेटर दिला, चालला त्याला 😂

चष्मिस:
एमेला सायकॉलॉजी होतं म्हणून सांगते, १९७७ ला मेल्टझॉफ आणि मूर म्हणाले की दोन-तीन आठवड्यांचं बाळही आपण जीभ काढली की जीभ काढतं. २०१६ ला ऑस्ट्रेलियात शंभरावर बाळं तपासली तर तसं काही दिसेना, जीभ ती एरवीही काढतातच. मला आवडतो तो २००२ चा दिव्याचा प्रयोग. बाईने शाल गुंडाळून हात आत अडकवलेत आणि कपाळाने दिवा लावला, तर १४ महिन्यांची बरीचशी पोरं हातानेच लावतात. पण हात मोकळे असून तिने कपाळ टेकवलं तर बहुतेक पोरंही कपाळच टेकवतात. म्हणजे हिचं काहीतरी कारण असणार, हे कळतं त्यांना!

साधाभोळा:
ते २०१६ चं आमच्या सासऱ्यांना नका सांगू, बाराव्या दिवशी "मला बघून जीभ काढली" म्हणून पेढे वाटलेत.

नवी_आई:
माझा ११ महिन्यांचा, टाटा नाही टाळ्या नाही. सगळे विचारतात, वैताग आलाय

हिरवीमिरची:
अगं प्रत्येकाचं वेगळं असतं, विचारणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लाव. डोसाला जाशील तेव्हा डॉक्टरांच्या कानावर मात्र घाल.

कोल्लापुरी:
आमचं पोरगं आज्जीशेजारी बसून भाकरी थापतंय, थापून झालं की मनगटानं नाक पुसतंय, ते पण आज्जीचंच. छोटा पोळपाट आणून दिला तर ढुंकून बघत नाही, परातच पायजे

रातराणी_७:
पोळपाट लाकडी का? कुठे मिळाला

कोल्लापुरी:
लाकडी. तुळशीबागेत घेतलेला, नुसता पडून आहे. पाहिजे तर मेसेज करा, पुण्याला येताना आणतो