तयार व्यासपीठावर लिहिणाऱ्यांनी नीट आकडेवारी मागायची की नाही?

कुरडई
एका कंपनीच्या तयार ब्लॉगवर बारा वर्षं पाककृती लिहिते आहे. सर्व्हर त्यांचा, जागा त्यांची, आपण फक्त लिहायचं असा कारभार. वर्षाचे पैसेही भरते (सगळ्यात स्वस्त प्लॅन, पण भरते). गेल्या आठवड्यात कंपनीला मेल टाकला की आकडेवारीचं पान जरा सुधारा. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. मागच्या वर्षीही हेच आलं होतं, स्वल्पविरामासकट.

दुखणं काय ते सांगते. फेब्रुवारीत 'गव्हाच्या कुरडया' या लेखाला एका दिवसात ९१४ वाचनं दिसली. हरखले. म्हटलं, वाळवणाचे दिवस आले, घरोघरी गहू भिजत पडले. देश बघितले तर ८८० सिंगापूर! तिथे माझी एक मावसबहीण आहे, आणि ती कुरडया माझ्याकडूनच भरून नेते. म्हणजे ही सगळी यंत्रं, आपोआप पानं उघडत फिरणारे बॉट. पण पानावर 'वाचनं' हा एकच आकडा. त्यात माणसं किती, यंत्रं किती, देव जाणे. उरलेल्यांतले निम्मे 'थेट' आले म्हणे. थेट कुठून, आभाळातून?

मागणी अशी: यंत्रं वेगळी मोजा, वाचक लेखात कुठपर्यंत उतरला ते दाखवा, आणि जुने आकडे फाइलमध्ये उतरवून घेऊ द्या. दोन वर्षांमागचं तर आता दिसतही नाही. 'कुठपर्यंत' यासाठी की दर उन्हाळ्यात मेल येतात, "ताई, कुरडई सोऱ्यातून तुटते, काय करू?" चीक कच्चा राहिला की तुटते, हे लेखाच्या शेवटी लिहिलंय. तिथवर कोणी पोचतं का, हे मला बघायचंय.

जुना लॉगिन
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. इतक्या जणी तेच विचारतात म्हणजे शेवटपर्यंत कोणी जात नाही, हे तुम्हाला कळलेलंच आहे. तो परिच्छेद वर घ्या. आलेख कशाला हवा?

मी किल्ल्यांवर लिहायचो. एका पावसाळ्यात 'एका दिवसात होणारे ट्रेक' असली यादी टाकली, आकडा उसळला. पुढची दोन वर्षं याद्याच लिहिल्या. ज्या टाक्यावरचा शिलालेख वाचायला तीन खेपा घातल्या होत्या, तो लेख मसुद्यातच राहिला. २०१९ पासून ते पान उघडलं नाही, सुखात आहे.

आगाऊ आगपेटी
दर महिन्याला दोन-चारशे रुपये टाका, स्वतःचं होस्टिंग (सर्व्हरवर भाड्याची जागा) घ्या, त्यावर मॅटोमो हे वाचनं मोजणारं सॉफ्टवेअर बसवा. स्वस्त खोलीत राहायचं आणि घरमालकाकडे स्विमिंग पूल मागायचा!

कुरडई
@आगपेटी: स्विमिंग पूल नाही मागितला, लाइटचं मीटर मागितलंय. आणि होस्टिंग घेतलं की अपडेट, बॅकअप, रात्री साइट बसली की धावपळ, हे सगळं कोण करणार? तेवढ्यासाठीच तर तयार जागा घेतली.
@जुना लॉगिन: परिच्छेद वर घेण्याचं पटलं. बाकीचं नाही. तुम्ही आकड्यांच्या नादी लागलात, यात आकड्यांचा काय दोष?

सर्व्हरमागचा
याच धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

'थेट'चं कोडं सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणी दुवा दाबला की आपण कुठून आलो ते ब्राउझर सहसा सांगत नाही, मग तो 'थेट'मध्ये पडतो. मराठी लेखांची बरीच वर्दळ घरच्या ग्रुपांवरून असते, तेव्हा तुमचं आभाळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवर टाकताना दुव्याच्या शेपटीला यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा आणि तुमचं पान ते दाखवतं का बघा. (अवांतर: त्यातला 'यू' म्हणजे अर्चिन. ती कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्यातून गूगल अ‍ॅनालिटिक्स हे साइटची वर्दळ मोजणारं साधन उभं राहिलं.)

लोक काय शोधून आले, हे कंपनी देऊच शकत नाही. २०११ पासून गूगलने ते शब्द झाकायला सुरुवात केली, २०१३ पर्यंत जवळपास सगळे झाकले. त्यासाठी गूगलचंच सर्च कन्सोल हे साधन आहे, फुकट आहे, पण १६ महिन्यांपुरतंच.

आता यंत्रं. जी नाव सांगून येतात ती वेगळी काढणं सोपं. जी साध्या क्रोमचा वेश घेऊन येतात, त्यांच्याबाबत अंदाजच करावा लागतो. कंपनीने उद्या 'माणसं ३४' असं छापलं तर तुम्ही ते खरं धराल. त्यापेक्षा आजचं गढूळ पाणी बरं, निदान गढूळ आहे हे दिसतं. या मागणीला माझा विरोध आहे.

कुरडई
गिरणीवालासुद्धा दळणात घट धरतो, पण धरली म्हणून सांगतो. अंदाज असेल तर 'अंदाजे' लिहा. गढूळ पाण्यावर 'शुद्ध' अशी चिठ्ठी लावलीय, हीच तर तक्रार आहे.

पडदानशीन
मी बायकांच्या दुखण्यांवर लिहिते, अंगावरून जाणं, गर्भाशयाची गाठ वगैरे. माझ्या वाचक नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर लपून वाचतात. त्यातली कोण कितव्या ओळीला थांबली, हे मलाही कळायला नको आणि कंपनीला तर मुळीच नको. 'कुठपर्यंत वाचलं' मोजायचं म्हणजे प्रत्येकीच्या फोनवर पाळत ठेवणारा कोड चालवायचा. गूगल अ‍ॅनालिटिक्समुळे वाचकांची माहिती अमेरिकेत जाते, हे नियमबाह्य असल्याचं ऑस्ट्रियाच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं आणि फ्रान्सच्या नियामकाने पुढच्याच महिन्यात. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ताईंच्या कुरडयांसाठी सुरू केलेली सोय माझ्याही पानावर येणार.

अर्धी पोळी
+१ पडदानशीन. वाचतेय.

कुरडई
हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. 'कुठपर्यंत' मागे घेते. 'ज्याला हवं त्याने चालू करावं' असंही म्हणणार होते, पण माझ्या वाचकांना तरी कुठे विचारणार होते मी.

सर्व्हरमागचा
फाइलचा मुद्दा मात्र सोडू नका. जुन्या गूगल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून मोजणी थांबवली, आणि वर्षभराने जुने आकडे बघायलाही मिळेनात. ज्यांनी उतरवून घेतले नव्हते, त्यांची कित्येक वर्षं गेली. फाइल देण्यात कोणावर पाळत नाही, कंपनीला फारसं कामही नाही. यावर मी सही करतो.

जुना लॉगिन
सही माझीही घ्या. फाइल उघडणार नाही, पण असू दे.

कुरडई
दुसरा मेल आत्ताच पाठवला. दोनच ओळी: 'वाचन' कशाला म्हणता ते पानावर लिहा, आणि जुनी फाइल द्या.

आगाऊ आगपेटी
नोंद घेतली जाईल ;)
अवांतर: आई विचारतेय, चीक शिजला हे ओळखायचं कसं?

कुरडई
लेखात आहे. आता पहिल्याच परिच्छेदात.