नऊ एलईडींच्या टॉर्चला भिंग लावून उपयोग नाही

झोत लांब जावा म्हणून नऊ एलईडींच्या टॉर्चला जुन्या कॅमेऱ्याचं भिंग लावलं, तर भिंतीवर नऊ ठिपके का दिसतात, असं एकाने विचारलंय. भिंग प्रत्येक एलईडीची वेगळी प्रतिमा पाडतं, त्यामुळे ते तसंच दिसणार. एकच चिप (एलईडीतला उजेड देणारा चौकोनी तुकडा) असलेली टॉर्च घ्या, रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीची चकचकीत वाटी) काढा आणि भिंग चिपपासून नाभीय अंतरावर, म्हणजे ते ऊन जितक्या अंतरावर एका ठिपक्यात एकवटतं तितक्या अंतरावर, बसवा. लांबच्या भिंतीवर चिपचा चौकोन स्वच्छ उमटला की जागा बरोबर.

भिंग रुंद आणि नाभीय अंतर कमी हवं, तरच जास्त उजेड पकडला जातो. म्हणून फुटक्या दुर्बिणीतलं डोळ्याकडचं भिंग बरं. पुढच्या मोठ्या काचेचं नाभीय अंतर लांब असतं, बराच उजेड नळीतच वाया जातो. डीव्हीडी ड्राइव्हमधलं भिंग तर फारच चिमुकलं.

आणि हो, अशी टॉर्च उन्हात उघडी ठेवू नका. तेच भिंग ऊन एकवटून एलईडी जाळू शकतं.