मदत हवी आहे: एलएसआर मोल्डिंगमध्ये सूक्ष्म खांबांची टोकं भरत नाहीत

लिक्विड सिलिकॉनचा, म्हणजे एलएसआरचा, ४० शोअर ए कडकपणाचा सपाट पॅड काढतोय. वरच्या बाजूला ५० मायक्रॉन व्यासाचे, १०० मायक्रॉन उंचीचे खांब. मोल्डमध्ये (साच्यात) बसवलेल्या निकेलच्या तुकड्यात, म्हणजे इन्सर्टमध्ये, त्यांची बंद भोकं. गेटजवळचे, म्हणजे माल साच्यात शिरतो तिथले, खांब चोख येतात, लांबचे मात्र भिंगाखाली बुटके, गोल डोक्याचे दिसतात.

मोल्ड १७५ अंशांवर. इंजेक्शनआधी व्हॅक्यूम लावला, फरक जेमतेम. होल्ड प्रेशर (भरल्यानंतर धरून ठेवलेला दाब) वाढवलं की पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथे, फ्लॅश (बाहेर आलेली पातळ पापडी), एलएसआर म्हटल्यावर ते आलंच. १४० अंशांवर टोकं सुधारली, पण क्युअर (माल घट्ट होणं) इतका लांबला की सायकल परवडत नाही. रिलीज स्प्रे नको, भोकंच बुजतील. इन्सर्टही सध्या बदलता येणार नाही.

हवा अडकतेय की तिथवर पोहोचेपर्यंत माल आधीच घट्ट होतोय, हे नक्की कसं ओळखायचं?