चुकल्याचुकल्यासारखं : एका गाण्यासाठी शब्द हवाय

टेकडीकर

परवा संध्याकाळी हनुमान टेकडीवर आम्ही चौघं बसलो होतो. मोबाईलवर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं ‘विश यू वेअर हिअर’ लावलं. संपल्यावर दोन-तीन मिनिटं कुणी काही बोलेना. मग एक मैत्रीण म्हणाली, “मला या गाण्यानं कसंतरीच होतं.” दुसरा लगेच, “कसंतरी म्हणजे? मळमळतं?” हसलो सगळे, पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हे जे होतं, त्याला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

‘भावुक झालो’ नको. ते बातम्यांमधले खेळाडू निवृत्त होताना होतात. ‘हृदयस्पर्शी’ नको, तो शब्द निरोप समारंभाच्या वृत्तांतात झिजून गेलाय. ‘चटका लावणारं’ म्हटलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणं १९७५ चं. सुरुवातीला कुणीतरी रेडिओची स्टेशनं फिरवतंय, खरखर, मध्येच बोलण्याचे तुकडे, मध्येच क्षणभर चायकोव्स्कीची सिंफनी. मग एक बारा तारांची गिटार लागते, पण बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावी तशी, कारण ती रेडिओवर वाजतेय. थोड्या वेळानं एक खोकला ऐकू येतो, श्वास ऐकू येतो, आणि दुसरी गिटार अगदी आपल्या कानाशी सुरू होते. कुणी पोरगा आपल्या खोलीत रेडिओच्या साथीला बसून वाजवतोय असं वाटतं. दोन्ही गिटारी बँडच्या डेव्हिड गिलमोरच्याच. शब्द यायच्या आधीच आपलं जे व्हायचं ते झालेलं असतं.

तर त्या ‘जे व्हायचं ते’साठी शब्द सुचवा. तत्सम जडजंबाल नकोत. घरात बोलतो तसे हवेत.

शनिवारकर

इंग्रजी गाण्यासाठी मराठी शब्दाचा हट्ट पाहून मौज वाटली. असो. एक गोष्ट आधी स्पष्ट करू. हल्ली उठसूट सगळ्याला ‘अंगावर काटा आला’ म्हणतात. आमच्या वेळी काटा भीतीचा असे, शहारा थंडीचा किंवा नकोशा स्पर्शाचा, आणि रोमांच कीर्तनातले. आता क्रिकेटच्या षटकारालाही काटा, राष्ट्रगीतालाही काटा, गिटारलाही काटा. तिन्ही वेगळे ठेवा, एवढीच विनंती.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला ‘हुरहूर’ योग्य वाटते. गाणं ऐकलेलं नाही, ऐकण्याचा विचारही नाही.

मस्कापाव

काका, आम्ही गूजबम्प्स म्हणतो, तुमचे तिन्ही शब्द वाचले :)

कोथरूडची

हुरहूर चांगली आहे, पण जरा थांबा. आपल्याकडे या गल्लीत किती घरं आहेत बघा. हुरहूर, रुखरुख, चुटपूट, हळहळ, तळमळ, तगमग, घालमेल, कालवाकालव. सगळे दोनदा वाजणारे शब्द. आणि सगळ्या स्त्रीलिंगी, ते का हे भाषेलाच विचारा.

मला यांच्यातला फरक त्यांच्या क्रियापदात दिसतो. तगमग *होते*, घालमेल *होते*, कालवाकालव *होते*. म्हणजे येते आणि ओसरते. निकालाच्या आदल्या रात्री घालमेल होते, निकाल लागला की संपली. पण हुरहूर *लागते*, रुखरुख *लागते*, चुटपूट *लागते*. तहान लागावी, वेड लागावं, ठेच लागावी तशी. जे लागतं ते चिकटून राहतं.

आता लागणाऱ्यांमध्येही भेद आहे. चुटपूट लहान गोष्टीची. मंडईत गेले आणि कोथिंबीर राहिली, किंवा लग्नात सगळे भेटले पण मावशीशी बोलणं झालं नाही, ही चुटपूट. हुरहुरीला कारण लागत नाही. दिवेलागणीला लागते, सुट्टी संपताना लागते, चांगलं चाललेलं असतानाही लागते. आणि रुखरुखीला मात्र कारण असतं, आणि त्या कारणात आपलाही हात असतो. ‘बाबांना शेवटचं भेटायला जमलं नाही, याची रुखरुख आहे.’ इथे हुरहूर बसवून पाहा. बसणार नाही.

हळहळ सोडूनच द्या. ती शेजाऱ्याच्या दुःखाची असते. करतात आणि चहा घेतात.

मग या गाण्यात कुणाचा हात आहे का? हे माहीत असलेल्यानं सांगावं.

विराणी

मी आमच्या विभागातल्या सवयीनं मागे जाते. ज्ञानदेवांच्या विराण्या आहेतच की. विरहिणीचं गाणं ती विराणी. शिवाय संतांचं ‘आर्त’ हे नाम. आपण आज ‘आर्त स्वर’ असं नुसतं विशेषण उरवलंय, पण तिथे आर्त ही मनात धरून ठेवायची वस्तू आहे.

टेकडीकर

विराणी शब्द फार आवडला, ताई. पण विराणीत भेट होणार असते. नसली तरी तिला तशी खात्री असते, म्हणून तर ती शकुन बघते. या गाण्यात भेटीची आशा मला ऐकूच येत नाही. काचेच्या भांड्यात वर्षानुवर्षं गोल गोल पोहत राहिलेले दोन भरकटलेले जीव, असं त्यातलं चित्र आहे. शकुनाचा कावळा त्या भांड्यावर कुठे बसणार?

ठोकाबहाद्दर

कोथरूडच्या ताईंनी विचारलंय म्हणून लिहितो. मी ड्रम वाजवतो, शब्द माझं काम नाही, पण या गाण्यात हात आहे. बँडमधल्या चौघांचा आहे.

बँड सुरू झाला तेव्हा म्होरक्या होता सिड बॅरेट. सुरुवातीची गाणी त्याची, गिटार त्याची. मग तो हळूहळू हातातून सुटत गेला. नशेचे पदार्थ, ढासळलेलं मन, स्टेजवर नुसतं उभं राहणं. मदतीला म्हणून गिलमोरला घेतलं. जानेवारी १९६८ मध्ये साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत विषय निघाला, सिडला घ्यायला जायचं का? आणि ठरलं, राहू दे. भांडण नाही, निरोप नाही. फक्त गाडी त्याच्या घराकडे वळली नाही.

मला या सगळ्यात तेवढंच दिसतं. आपणही केलंय हे. कॉलेजात आमच्या ग्रुपमध्ये एक जण होता, अलका चौकात आमची वाट बघत उभा राहायचा. एकदा आम्ही दुसऱ्याच पुलावरून परस्पर डेक्कनला गेलो. पुढच्या वेळी तो उभा नव्हता.

बँड मोठा झाला, अफाट मोठा झाला. सात वर्षांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत हे गाणं ज्यात आहे तो अल्बम करत होते, आणि त्यातली सगळ्यात लांब रचना सिडवरच होती. तिच्यावर काम चालू असताना, ५ जून १९७५ ला, एक जाडजूड, डोक्याचे आणि भुवयांचेही केस काढलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. कुणीच ओळखलं नाही त्याला. बऱ्याच वेळानं उमगलं, हा सिड. काही जण रडले.

म्हणून म्हणतो, हुरहूर आपल्याला, ऐकणाऱ्यांना. वाजवणाऱ्यांची मात्र रुखरुख आहे. त्या दोन्ही एकदम ऐकू येतात, म्हणून ‘कसंतरीच’ होतं.

कोथरूडची

बास. आता मला ऐकावं लागणार.

पण मग गाण्याच्या नावाचं मराठी काय कराल? मी तीनदा लिहून खोडलं. इंग्रजीत हे शब्द सहलीला गेलेला माणूस चित्राच्या कार्डावर लिहितो, अगदी गुळगुळीत झालेले. आपल्या पत्रांत त्या जागी ‘तुमची उणीव भासली’ असे.

‘तू इथे असायला हवा होतास’ म्हटलं की त्यात दटावणी येते. ऑफिसात साहेब असंच म्हणतात. शिवाय वेळ निघून गेलीये, कार्यक्रम उरकलाय. ‘तू इथे असतास तर’ म्हटलं की वाक्य लोंबकळतं. तर काय? तर चहा केला असता? ‘तू इथे हवा आहेस’ हे बरंय, पण ती मागणी झाली, आणि मागणी कुणाकडे तर ऐकू शकेल अशा माणसाकडे.

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की मराठीत आधी ठरवावं लागतं, तो की ती. होतास की होतीस. इंग्रजी गाणं ऐकताना प्रत्येक जण आपापलं माणूस त्या रिकाम्या जागी बसवतो. मराठी दारातच विचारते, कोण पाहिजे?

मस्कापाव

‘तुला मिस करतोय.’ झालं. पुण्यात सगळे हेच म्हणतात.

शनिवारकर

सगळे म्हणतात म्हणून झालं का? ‘आठवण येते’ आणि ‘आठवण काढतो’ यांत मराठीनं केवढा फरक ठेवलाय. येते ती आपोआप, काढावी लागते ती मुद्दाम. आणि काढली की पलीकडच्याला उचकी लागते. ‘मिस केल्या’नं कुणाला उचकी लागल्याचं ऐकिवात नाही.

मस्कापाव

काका, हे भारी होतं. मान्य.

स्वारगेट

इतका वेळ नुसती वाचत होते. आमच्या आईचा एक शब्द देते. मी बाराव्या वर्गानंतर पुण्यात शिकायला आले. गावाकडून फोन यायचा तेव्हा आई ‘आठवण येते’ असं कधीच म्हणाली नाही. म्हणायची, “काही नाही गं, चुकल्याचुकल्यासारखं होतंय.” मी विचारायची, म्हणजे काय होतं? तर म्हणे, पोळ्या करताना हात तुझ्या दोन पोळ्या जास्तीच्या लाटतो. संध्याकाळी साडेपाचला उगाच दारात जाऊन येते.

‘करमत नाही’सुद्धा म्हणायची, पण ते पहिल्या महिन्यात. नंतर करमायला लागलं. चुकल्यासारखं होणं काही थांबलं नाही.

टेकडीकर

स्वारगेट, हाच. मी हाच शोधत होतो.

काल रात्रभर या ‘चुकणे’चं काय काय होतं ते आठवत होतो. वाट चुकते, म्हणजे माणूस भरकटतो. बस चुकते, म्हणजे हातची जाते. हिशेब चुकतो, म्हणजे आपल्याकडून दोष घडतो. इंग्रजीला या तिन्हींसाठी तीन शब्द काढावे लागतील, आपल्याकडे एकच धातू. आता हे गाणं घ्या. भांड्यात फिरणारे ते दोन जीव वाट चुकलेले. ज्याला घ्यायला गाडी वळली नाही त्याची गाडी चुकलेली. आणि न वळवणाऱ्यांची चूक. ‘चुकल्यासारखं’ म्हणताना मराठी माणूस या तिन्हींपैकी काय चुकलंय हे सांगतच नाही. त्या ‘सारखं’नं तर अजून धूसर केलंय. काहीतरी चुकलंय, बहुतेक. माझं की तुझं, माहीत नाही. आणि ते दोनदा म्हणायचं, चुकल्याचुकल्यासारखं, म्हणजे कोथरूडच्या ताईंच्या गल्लीतही याचं घर आहेच.

शिवाय यात तो-ती ठरवावं लागत नाही! ‘चुकल्याचुकल्यासारखं होतंय’, कर्ताच नाही वाक्यात. कुणासाठी होतंय ते ऐकणाऱ्यानं भरायचं. नावाचं भाषांतर म्हणून मला तरी हे पटतं. अगदी शब्दशः नाही, पण शब्दशः केलं की साहेब येतात.

विराणी

सुंदर. एक पुरवणी, ‘चुकतं करणे’. देणं चुकतं करतात, हिशेब चुकता करतात. चुकण्यातून फेडण्यापर्यंत हा शब्द कसा पोचला यावर वेगळं लिहायला हवं. गाणं लिहून देणं फिटतं का, हाही एक प्रश्न.

ठोकाबहाद्दर

फिटत नसावं. २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कात बँडमधले ते चौघं बऱ्याच वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यातल्या रॉजर वॉटर्सनं हे गाणं जे इथे नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः सिडसाठी, असं सांगून सुरू केलं. सिड तेव्हा हयात होता, केंब्रिजमध्ये. पुढच्या वर्षी जुलैत गेला.

आणि तुमच्या यादीत दोन राहिले. एक, काळजाचा ठोका चुकणे. ड्रमर म्हणून हा माझा हक्काचा. दुसरा, चुकामूक. एक जण स्वारगेटला उभा, दुसरा शिवाजीनगरला, दोघंही वेळेवर. त्या ५ जूनला ॲबी रोडमध्ये चुकामूक झाली ती मात्र एकाच खोलीत.

कोथरूडची

ऐकलं. आता कुणी काही विचारू नका.

शनिवारकर

नातवाकडून लावून घेतलं. शब्द निम्मे कळले नाहीत, बारा तारा मोजता आल्या नाहीत. सुरुवातीची खरखर मात्र ओळखीची निघाली. आमच्या वाड्यात माझा धाकटा भाऊ असाच रेडिओ लावून बरोबरीनं पेटी वाजवायचा, नेहमी एक सूर मागे. मी त्याला त्यावरून बोलायचो. बरंच बोलायचो.

मी हुरहूर सुचवली होती ती मागे घेतो. स्वारगेट यांच्या आईंचा शब्द बरोबर आहे.

त्या खोकल्याच्या ठिकाणी आतून सौ.नी विचारलं, “कोण आलंय?” नातू म्हणाला, कुणी नाही आजी, गाणं आहे. तरी ती बाहेर येऊन बघून गेली.